मयूर विहारची टोळी

आमच्या ॲपच्या चौथ्या पानावरून बायका पळून जात होत्या.

सगळ्या नाही, पंचेचाळिशीच्या पुढच्या. पहिल्या पानावर यायच्या, नाव लिहायच्या. दुसऱ्या पानावर जन्मतारीख लिहायच्या, तीही खरी. तिसऱ्यावर पत्ता. आणि चौथ्या पानावर पाऊल ठेवलं की शंभरातल्या एकसष्ट गायब! पुन्हा म्हणून फिरकायच्या नाहीत. त्या पानावर आम्ही असं काय मागत होतो? फक्त फोटो. 'चेहरा गोलात आणा, डोळे मिचकवा, झालं.' यात पळून जाण्यासारखं काय आहे, हे आमच्या ऑफिसातल्या एकालाही कळत नव्हतं. आणि ते कळून घेणं हे माझं काम होतं.

मी गुडगावातल्या 'बटुआनाऊ' या कंपनीत बिझनेस ॲनालिस्ट आहे, त्यातही डेटावाला. कंपनीचं ॲप मोबाइलवर घ्यायचं, दोन मिनिटांत खातं उघडायचं आणि भाजीवाल्यापासून वीजबिलापर्यंत सगळं त्यावरून भागवायचं, असा हा धंदा. लोक ॲपमध्ये शिरून काय करतात याचे आकडे बघायचे आणि ते तसं का करतात हे मालकाला सांगायचं, असं माझं काम. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी सरकारी सांख्यिकी कार्यालयातली खुर्ची सोडून इथं आलो. माझ्या येण्यानं बत्तीस माणसांच्या त्या ऑफिसाचं सरासरी वय सात महिन्यांनी वाढलं. हा आकडा मीच काढला होता आणि पहिल्याच आठवड्यात उत्साहाच्या भरात सगळ्यांना मेल केला होता.

पण खरं सांगतो, मला ते ऑफिस भयंकर आवडलं. सरकारी कार्यालयात मी एक तक्ता केला की तो दोन वर्षांनी छापून यायचा आणि तिसऱ्या वर्षी त्यात भजी बांधून मिळायची. इथं सकाळी तक्ता केला की दुपारी त्यावरून ॲप बदललेलं असायचं! मेट्रोतून उतरून ऑफिसकडे जाताना मी अक्षरशः पळत असे. मला तिथं राहायचं होतं. अडचण एवढीच होती की माझं सहा महिन्यांचं प्रोबेशन जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी संपत होतं, आणि मालक हरनीत, वय वर्षं एकोणतीस, पायात सपाता, मला म्हणाला होता, "सुधन्वा सर, फोर्थ पेज का राज़ निकाल दो, आप परमनंट. नहीं तो यार..."

त्या 'नहीं तो यार'च्या पुढे तो काहीच बोलला नाही. त्याच शुक्रवारी सिंगापूरहून पैसे गुंतवणाऱ्या बाई येणार होत्या, त्यामुळे त्याला पुढचं बोलायला वेळही नव्हता.

मी चाळीस आलेख काढले. बायका कोणत्या वेळी पळतात, कोणत्या फोनवरून पळतात, किती सेकंदांत पळतात (आठ), सगळं शोधलं. का पळतात, हे मात्र एकाही आलेखात दिसेना. शेवटी रविवारी सोसायटीच्या उन्हात सल्ला घ्यायला बसलो. मयूर विहारातल्या आमच्या सोसायटीत निम्मी मंडळी मराठी आणि त्यातली निम्मी केंद्र सरकारातून निवृत्त. त्यामुळे सल्ल्याला कधी तोटा पडत नाही. तळमजल्यावरचे शांतारामकाका प्रधान हे निवृत्त अवर सचिव. ते संत्रं सोलत म्हणाले, "समिती नेम."

"काका, महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय."

"मग उपसमिती नेम."

काकांचा सल्ला मी असा उडवून लावला तरी त्यांचे माझ्यावर उपकार होते. दोन आठवड्यांपूर्वी हरनीतनं मला खोटी खाती उघडणाऱ्या टोळ्या पकडण्यासाठी एक नियम लिहायला सांगितला होता. मी मसुदा काकांना दाखवला. काकांनी चष्मा पुसला, खिशातून लाल पेन काढलं आणि निवृत्तीनंतरच्या नऊ वर्षांची भूक भागवून घेतली. तयार झालेला नियम असा होता: एकाच ठिकाणाहून एका तासात सहापेक्षा अधिक खाती उघडली गेल्यास ती तत्काळ गोठवावीत, आणि खातेदार मूळ कागदपत्रांसह, कामाच्या दिवशी, अकरा ते एकच्या दरम्यान, मुख्य कार्यालयात जातीनं हजर झाल्याखेरीज मोकळी करू नयेत. शेवटचं कलम माझं होतं. कंपनीतल्या कोणालाही, अगदी मालकालाही, या नियमाला बगल देता येणार नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा हरनीतनं नियम दोनदा वाचून "सर, ये तो सुप्रीम कोर्ट है!" म्हटल्यावर माझी छाती फुगली होती.

तर चौथं पान. माझी बायको रेवती शनिवारी संक्रांतीचं हळदीकुंकू करणार होती. सोसायटीतल्या आणि आसपासच्या वीसबावीस बायका येणार, बहुतेक पंचेचाळिशीच्या पुढच्या. मला एकदम उजेड पडला. मी ज्यांच्यामागे आकड्यांतून धावत होतो, त्या आपल्या पायांनी माझ्या घरात येणार होत्या! मी रात्रीतून चौदा प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. 'चौथ्या पानाविषयी आपली भावना एक ते दहा या प्रमाणात नोंदवा,' वगैरे. पंचवीस प्रती काढल्या, पंचवीस पेन्सिली टोक करून ठेवल्या.

रेवतीनं प्रश्नावली वाचली. ती शाळेत सातवीला गणित शिकवते, त्यामुळे कोणताही कागद ती चुका शोधण्यासाठीच हातात घेते.

"हे कोण भरणार?"

"तुझ्या मैत्रिणी."

"बरं. तुला काय हवंय ते कळलं मला. तू फक्त स्वयंपाकघरात थांब आणि मी हाक मारली की ट्रे आण. मध्ये बोलायचं नाही."

शनिवारी चार वाजल्यापासून बायका आल्या. संक्रांत, म्हणून सगळ्या काळ्या साड्यांत. कुणाची काळी चंद्रकळा, कुणाची काळी पैठणी. इनामदारवहिनी साताऱ्याच्या, त्यांच्या मुसलमान घरात हळदीकुंकू नसतं, पण तिळगुळाला दरवर्षी येतात, त्याही काळा रेशमी सूट घालून आल्या. मी स्वयंपाकघरात कुडकुडत उभा. दिल्लीची थंडी, म्हणून मी चौकड्यांच्या पायजम्याचं एक टोक मोज्यात खोचलं होतं. दुसरा मोजा सापडला नव्हता. बाहेरून हसण्याचे फवारे येत होते. "अगं, डोळे मिचकव ना!" "पुन्हा काढ, पुन्हा काढ!" असलं काहीतरी ऐकू येत होतं. बायकांचे खेळ असतील म्हणून मी लक्ष दिलं नाही. दोनदा हाक आली, दोनदा खाली मान घालून ट्रे नेला.

सगळ्या गेल्यावर मी धावत हॉलमध्ये गेलो. पंचवीसपैकी एकाही प्रश्नावलीवर एक खूणही नव्हती. सहा कागदांत तिळाच्या वड्या बांधून नेल्या होत्या आणि एकाच्या पाठीवर कुमुदकाकूंनी, म्हणजे शांतारामकाकांच्या पत्नीनं, उंधियोची कृती लिहून ठेवली होती.

"झालं हो तुझं काम," रेवती पायांतली जोडवी सारखी करत म्हणाली.

माझ्या रात्रभराच्या कष्टांची ही थट्टा मला सहन झाली नाही. मी एक अक्षर न बोलता पेन्सिली गोळा केल्या आणि झोपायला गेलो. तिथंच जर मी 'म्हणजे काय झालं?' असं विचारलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं. पण दुखावलेला माणूस प्रश्न विचारत नाही.

सोमवारी सकाळी मी ऑफिसात पाय ठेवला आणि भोंगा वाजला.

टोळी सापडली की भोंगा वाजावा आणि भिंतीवरचा मोठा पडदा लाल व्हावा, ही हरनीतची कल्पना. नियम आल्यापासून तो एकदाही वाजला नव्हता. शनिवार-रविवारची खाती सोमवारी सकाळी एकदम तपासली जात. आता वाजला! शनिवारी संध्याकाळी एकाच ठिकाणाहून सत्तर मिनिटांत बावीस खाती! सगळ्यांनी 'तुम्हाला कोणी सांगितलं?' या रकान्यात एकच मोबाइल नंबर भरलेला. ॲनालिस्टला खातेदारांची नावं आणि पूर्ण नंबर दिसू नयेत अशी आमच्याकडे सोय आहे. मला दिसत होते फक्त बावीस ठिपके आणि मध्यभागी एक मोठा ठिपका. आणि पिन कोड. एक एक शून्य शून्य नऊ एक.

"हमारे मयूर विहार का है!" मी ओरडलो. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या मुलाला मिठी मारली. माझ्या नियमानं, माझ्या भागातली, एवढी मोठी टोळी पकडली होती! हरनीत बीनबॅगवरून उडी मारून आला. "सर! सर! ये तो इन्वेस्टर को दिखाएँगे!" कुणीतरी पिझ्झे मागवले. मी खडू घेऊन फळ्यापुढे उभा राहिलो आणि त्या मधल्या ठिपक्याचं स्वभावचित्र रंगवलं. ही व्यक्ती अत्यंत थंड डोक्याची आहे. माणसं हाताळण्यात वाकबगार आहे. तिच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. बावीस जणांना तिनं तीन मिनिटांत एक या वेगानं चारही पानांतून पार नेलं आहे, जे आपल्या अख्ख्या कंपनीला जमलेलं नाही. "असा मेंदू," मी हिंदीत म्हणालो, "सौ साल में एक बार पैदा होता है."

माझ्या बायकोविषयी इतकं चांगलं मी लग्नाच्या सतरा वर्षांत कधी बोललो नव्हतो.

त्या संध्याकाळी मी मेट्रोतून उतरलो तो थेट सोसायटीच्या ऑफिसात. आपल्या भागात टोळी आहे, तपशील गोपनीय आहेत, पण सावध राहा, असं मी जाहीर केलं. अर्ध्या तासात सभा भरली. शांतारामकाकांनी सूचनाफलकावर लावायचा कागद तिथल्या तिथे लिहिला. अनोळखी स्त्रीपुरुषांच्या घोळक्यांवर नजर ठेवावी, पाचांपेक्षा जास्त माणसं एका घरात जमल्यास सचिवांना कळवावं. वॉचमनला शिट्टी मिळाली. कुमुदकाकू फार घाबरल्या होत्या.

"मेली कुठं बसून करत असतील रे हे उद्योग?"

"काकू, तुमच्या आमच्यासारख्याच घरात बसून. ओळखूसुद्धा येत नाहीत!"

"आणि सुधन्वा, माझं ते तुझं बटुआ आजपासून चालत नाहीये. मटारवाल्यासमोर किती लाज वाटली."

"टोळीमुळे ताण आला असेल सिस्टिमवर," मी म्हणालो. काकूंच्या फोनवर आमचं ॲप आलं कधी, हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरलाच नाही. तिथं आधीच शुक्रवार, सिंगापूरच्या बाई आणि माझी कायम नोकरी यांची दाटी झाली होती. रेवतीला तर मी मुद्दाम काहीच सांगितलं नाही. ती शाळेतल्या पालकसभेहून दमून आली होती, आणि मला शुक्रवारी एकदम सांगून तिला थक्क करायचं होतं.

थक्क व्हायची पाळी बुधवारी माझ्यावर आली. टोळीनं चौथ्या पानावर काढलेले फोटो तपासणीसाठी आले. चेहरे धुरकट केलेले, बाकी सगळं स्वच्छ. हरनीतनं ते बावीसही मोठ्या पडद्यावर एकत्र लावले.

"देखो, सब ब्लॅक में! युनिफॉर्म है इनका. ये प्रोफेशनल लोग हैं."

मी बघितलं. बावीस काळी धडं. आणि प्रत्येकीच्या मागे पिवळ्या पडद्यावर हिरवे पोपट.

ते पोपट मी ओळखत होतो. नोएडाच्या अट्टा मार्केटात रेवतीनं ते घेतले तेव्हा मी पंधरा दिवस अबोला धरला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझा तो कळसा बावीस तुकड्यांत भिंतीवर झळकत होता आणि बत्तीस माणसं तो बघत होती. तेवढ्यात हरनीतनं सतरा नंबरचा फोटो मोठा केला. मागे कोपऱ्यात एक माणूस, मानेपासून खाली. हातात ट्रे. चौकड्यांचा पायजमा, एक पाय मोज्यात खोचलेला.

"ये इनका नौकर है. बेचारे की हालत देखो. इसको पकड़ो, सब उगल देगा."

सगळे हसले. मीही हसलो. एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स, प्रथम वर्ग, सरकारी सेवेची एकोणीस वर्षं, आणि पायजम्यावरून माझी ही किंमत झाली होती. "ग़रीब आदमी लगता है," मी म्हणालो, "जाने दो."

घरी गेलो तेव्हा रेवती वह्या तपासत होती. मी पोपटांकडे बोट दाखवून विचारलं, "शनिवारी तुम्ही इथं काय केलंत?"

"तुझं काम. तुझ्या ॲपवर सगळ्यांची खाती उघडून दिली. सांगितलं तर होतं, झालं म्हणून."

"मी प्रश्नावली दिली होती!"

"ती कुणाला कळत नव्हती. म्हणून म्हटलं, प्रत्यक्षच बघू, कुठं अडतात ते. तर कोणी अडेचना."

"चौथ्या पानावरसुद्धा?"

"तिथं तर सगळ्यांत जास्त मजा आली! इनामदारवहिनींनी सहा वेळा फोटो काढला. अरे, एरवी पळणारच ना बाई. सकाळी दहाला गाऊनवर, केसांचा बुचडा बांधून, फोडणी घालता घालता ती तुमचा फॉर्म भरायला घेते. आणि तुम्ही म्हणता, आत्ताच्या आत्ता फोटो काढ. कोण काढेल? शनिवारी सगळ्या नटून आल्या होत्या. 'फोटो नंतर काढा' असं एक बटण द्या तिथं, कोणी पळणार नाही."

सहा महिने आणि चाळीस आलेख. यातल्या एकाही आलेखात गाऊन नव्हता. पहिल्यांदा मला हर्ष झाला, उत्तर मिळालं म्हणून. मग टोळीची आठवण झाली आणि मी तिला सगळं सांगितलं. भोंगा, खडू, मधला ठिपका, सगळं.

"मी म्होरकी?" रेवती म्हणाली. तिला राग यायला हवा होता, पण ती जरा खूश झाल्यासारखी वाटली. मग गंभीर झाली. "सुधन्वा, सांगून टाक त्यांना. त्या बायकांची काय चूक? आणि हे चालू राहिलं तर तुझी नोकरी खोट्यावर उभी राहील."

गुरुवारी मी गुपचूप ती खाती मोकळी करायला गेलो. एचआरची मृणाल, मूळची पुण्याची, नियम वाचून म्हणाली, "सर, हे कोणालाच करता येत नाही. हरनीतलासुद्धा नाही. कोणी लिहिलंय हे इतकं खडूस?" मी खिडकीबाहेर बघितलं. मग हरनीतला गाठलं. तो सिंगापूरशी बोलत होता. फोनवर हात ठेवून म्हणाला, "सर, कल. नौवीं स्लाइड आप ही प्रेझेंट करोगे, गँग वाली." मला धीर झाला नाही. खोटं कशाला बोलू, मी घाबरलो होतो. मला ती नोकरी फार हवी होती.

संध्याकाळी बावीस फोनवर एकाच वेळी संदेश आला: आपलं खातं संशयास्पद आहे, मूळ कागदपत्रांसह जातीनं हजर व्हावं. शांतारामकाका काकूंचा फोन हातात धरून आमच्या दारात उभे राहिले.

"कोणत्या गाढवानं असा नियम..." ते वाचता वाचता थांबले. पुन्हा वाचलं. 'जातीनं हजर' या शब्दांवर त्यांचं बोट अडलं. स्वतःचं अक्षर माणूस विसरेल, पण अवर सचिव स्वतःचा मसुदा विसरत नाही. मी त्यांना आत घेऊन सगळं सांगितलं. काकांनी चष्मा पुसून संदेश पुन्हा एकदा वाचला.

"मसुदा निर्दोष आहे," शेवटी ते म्हणाले. "तेव्हा पाळावा लागेल. उद्या सगळ्यांनी जायचं. आणि ओळख पटायला हवी, म्हणून फोटोत जी साडी आहे तीच नेसायची."

शुक्रवारी साडेअकराला काचेच्या खोलीत सिंगापूरच्या बाई, हरनीत आणि मी. आठवी स्लाइड झाली. नववी आली. बावीस ठिपके आणि मधल्याभोवती लाल गोल. मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. खालचा गार्ड होता आणि आवाज स्पीकरवर होता.

"सर, बीस-बाईस लेडीज आई हैं, सब काले कपड़ों में. पूछा तो बोलती हैं प्रोटेस्ट नहीं है, गँग हैं. ऊपर भेज दूँ?"

लिफ्ट तीन वेळा वर आली. काचेपलीकडे काळ्या साड्यांची रांग उभी राहिली, हातात कागदपत्रांच्या पिशव्या, डबे, थर्मास. ऑफिसातली पोरं उठून उभी राहिली. सगळ्यांत पुढे रेवती, सातवीचा वर्ग सहलीला नेल्यासारखी मोजणी करत होती. हरनीत एकदा स्लाइडकडे आणि एकदा दाराकडे बघत होता.

आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "यह कोई गँग नहीं है. बीच वाला डॉट मेरी पत्नी है. पर्दे मेरे घर के हैं. और वह नौकर..." मी हरनीतकडे बघितलं, "वह नौकर मैं हूँ."

मग मी सगळं सांगितलं. हळदीकुंकू, प्रश्नावली, माझा नियम, माझं बुधवारपासूनचं गप्प बसणं. सिंगापूरच्या बाईंनी मला मध्येच थांबवून एकच विचारलं. आमच्या चौथ्या पानावरून एकसष्ट टक्के बायका जातात, मग या बावीस कशा राहिल्या? मी रेवतीकडे बघितलं. ती आत आली आणि गाऊन, बुचडा, फोडणी हे सगळं तिनं शाळेतल्या स्वच्छ इंग्रजीत, फळ्यावर आकृती काढून समजावलं. बाई ऐकत होत्या. ऐकताना त्यांचा हात आपोआप स्वतःच्या केसांकडे गेला. तेवढ्यात कुमुदकाकू शिरल्या आणि त्यांनी बाईंच्या हातात तिळगूळ ठेवला. त्यानंतर त्या खोलीत धंद्याचं फारसं बोलणं होऊ शकलं नाही.

बारा पन्नासला बाविसावी ओळख पटली. नियम पूर्ण पाळला गेला. बाई विमानतळाकडे गेल्या. हरनीत मात्र माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. तो मृणालला घेऊन केबिनमध्ये गेला, दार लावलं. मी जागेवर बसून राहिलो. माझा पाण्याचा मग आणि कॅल्क्युलेटर मी पिशवीत भरूनही टाकला. पंधरा मिनिटांनी मृणालनं बंद लिफाफा आणून दिला. "सर, आज लवकर निघा. आणि हा घरी जाऊन उघडा," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

येताना मी टोळीबरोबरच निघालो. राजीव चौकात गाडी बदलली. बायका पहिल्या डब्यात, तो फक्त त्यांचाच, आणि मी लागून असलेल्या दुसऱ्यात. सगळ्यांनी आपापल्या पिशव्या आणि डबे माझ्याकडे दिले होते. दिल्ली मेट्रोत दोन डब्यांमध्ये दार नसतं, एक रेघ असते, तिच्यापलीकडे पुरुषानं जायचं नाही. मी त्या रेघेपाशी सामानाच्या ढिगात उभा होतो आणि लिफाफा खिशात टोचत होता. मंडी हाऊस गेलं. प्रगती मैदान गेलं. यमुनेच्या पुलावर मला राहवेना. घरी जाऊन रेवतीसमोर उघडण्यापेक्षा इथं एकट्यानं वाचावं, म्हणून मी लिफाफा फाडला.

प्रोबेशन समाप्त. आजपासून सेवेत कायम. खाली हरनीतच्या वेड्यावाकड्या अक्षरात दोन ओळी होत्या. 'बटन सोमवार को लाइव. रूल सोमवार तक दोबारा लिखो, इस बार आसान. और सर, सच पहले बोल दिया करो.'

मी ते तीनदा वाचलं. मग मी मेट्रोत, सामानासकट, ओरडलो, "कायम झालो!"

रेघेपलीकडे इनामदारवहिनी उभ्या होत्या. त्यांनी वळून कुमुदकाकूंना सांगितलं, काकूंनी पुढचीला, पुढचीनं तिच्या पुढचीला. रेवती पार डब्याच्या टोकाला बसली होती. बातमी काळ्या साड्यांमधून तिच्यापर्यंत जाताना मला दिसत होती. ती पोचली तशा टाळ्या सुरू झाल्या. कानात इयरफोन घातलेल्या दिल्लीच्या मुली, ज्यांना काय झालं हे ठाऊकही नव्हतं, त्याही टाळ्या वाजवू लागल्या. माझ्या मागून कुणीतरी "भाईसाहब, लाइन के पीछे" म्हणालं. मी दोन पावलं मागे सरकलो आणि एका डब्यावर पाय दिला.

मग तिकडून उत्तर निघालं. एकीकडून दुसरीकडे, कानात, हसत, ते रेघेपर्यंत आलं.

"रेवती म्हणतेय, अभिनंदन," इनामदारवहिनी म्हणाल्या. "आणि म्हणतेय, रडू नकोस, लोक बघताहेत."

मी रडत नव्हतो, असं मी वहिनींना ठणकावून सांगितलं. त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि रेघेवरून हात लांब करून माझ्या हातात दिला.